हाक देणाऱ्यानं शेवटी जेवायचं

प्रिय रणधीर,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून. त्यावरून माझा राग उतरला असं समजू नकोस. हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या भावाला पत्र कोण धाडतं, असं म्हणून तू हसशील. हस. पण फोनवर तू मधे मधे बोलतोस, आणि बोलू दिलं नाही की फोन ठेवून देतोस. कागदाला तुला मधे तोडता येत नाही, म्हणून आपल्या संबळवाल्या धनाजीच्या हाती हा कागद धाडतेय. आणि शेवटी काय लिहिलंय ते आधी उलटून बघू नकोस. लहानपणी पंगतीत वरण यायच्या आधीच गोडाचं भांडं हुडकायचास, ती खोड अजून गेली नसणार.

आपली खानावळ चालू आहे आणि बरी चालू आहे. येडाईची यात्रा सरली तरी खोल्या रिकाम्या नाहीत. कोपऱ्यातल्या खोलीचं पत्र्याचं छत बदललं. धनाजीनं संबळाला नवं कातडं चढवून घेतलं, आता मंगळवारी तो वाजवायला लागला की ओसरीवरची भांडी हादरतात. संध्याकाळी माळवदावर गेलं की रानापलीकडं तुझं हॉटेल दिसतं. ज्वारी काढून रानं मोकळी झालीत, त्यामुळं तर अगदी स्वच्छ दिसतं. पूर्वी त्या पाटीवरच्या दिव्यांनी डोळे दिपायचे. आता एकच नळी जळते, तीही लुकलुकते. मी तिकडं बघत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? रोज बघते. बघून झाल्यावर मला जेवण चांगलं जातं.

आता थोडं जुनं लिहिते. तुला ते ठाऊक आहे, पण तू विसरल्यासारखा वागलास, म्हणून पुन्हा वाच. आजोबा धोंडीबांनी जुन्या रस्त्याला ही खानावळ काढली ती येडाई देवीला येणाऱ्यांसाठी. पुढं जेवायची ओसरी, मागं खोल्यांची रांग, मधे फरशीचा चौक, आणि चौकात मंगळवारी-शुक्रवारी देवीच्या आराध्यांची गाणी. जेवणाचे पैसे पडायचे, खोलीचे पडायचे, गाणं सगळ्यांना फुकट. पण त्यांनी एक रीत लावून दिली. गिऱ्हाइकं उठली की चूल झाकायच्या आधी घरातल्या एकानं रस्त्यावर येऊन हाक द्यायची, 'कुनी उपाशी हाय का? असंल त्यानं यावं, ताट वाढलंय.' कुणी 'हाय' म्हणालं की त्याला आत घ्यायचं, पाटावर बसवायचं, नाव-गाव-जात विचारायची नाही आणि पैशाचा विषय काढायचा नाही. आजोबांमागं आपल्या अण्णांनी खानावळ चालवली, ते सांगायचे की हाक होईपर्यंत हा धंदा, हाक झाल्यावर हे घर. आणि हाक देणाऱ्यानं सगळ्यांत शेवटी जेवायचं. हाकेला आलेला एक माणूस जरी ताटावर असला, तरी देणाऱ्यानं पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. अण्णा तापानं फणफणत असतानाही असे ताटकळलेले मी पाहिलेत.

पुढं ती हाक कोंडाआईकडं आली, कारण तिचा आवाज ओढ्यापलीकडं जायचा. कोंडाबाई आराधीण, गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात जोगव्याची परडी घेऊन एका यात्रेला आली, कोपऱ्यातल्या खोलीत उतरली, आणि आपली आई गेल्यावर आपल्याला सोडून तिला जाता येईना. तिनं आपल्या दोघांना वाढवलं हे मी लिहायला नको. तुझी ती युक्ती मात्र लिहिते. पंगतीत पोटभर जेवून, हात धुऊन, तू मागच्या दारानं पळत रस्त्यावर जायचास. कोंडाआईनं हाक दिली की लिंबाच्या झाडामागून आवाज जाड करून ओरडायचास, 'हाय! मी हाय उपाशी!' तिला काय कळत नव्हतं? तरी ती पदर सावरत पुढं यायची, 'या पाव्हणं, बसा' म्हणायची आणि तुला पुन्हा ताट वाढायची. अण्णा रागवले की म्हणायची, 'हाकंला आलंय लेकरू. खरं का खोटं, म्या कोन ठरवनार?' आणि तुझं ते नाटकी जेवण संपेपर्यंत ती उपाशी बसायची.

मी सासर सोडून आले तेव्हाचंही तुला ठाऊक आहे, तू तेव्हा कॉलेजात होतास. एसटीतून उतरले, पण दारात यायचा धीर होईना. लिंबाखाली पिशवी घेऊन उभी राहिले. दिवेलागण झाली, जेवणं झाली, कोंडाआई बाहेर आली आणि तिनं हाक दिली. मी नुसतं 'हाय' म्हणाले. तिनं आवाज ओळखला, पण नावानं हाक मारली नाही. 'या, बसा' म्हणाली, ताट वाढलं आणि माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली. सासरचं त्या दिवशी विचारलं नाही, पुढंही कधी विचारलं नाही. त्या ताटाची मी आयुष्यभर बांधील आहे. पुढं जे केलं त्याच्या मुळाशी ते ताट आहे, एवढं लक्षात ठेवून वाच.

चौपदरी रस्ता गावाबाहेरून गेला आणि आपला रस्ता जुना झाला, यात तुझा दोष नव्हता. तू सासऱ्यांच्या रानात, नव्या रस्त्याला हॉटेल टाकलंस, त्याचंही मला वाईट वाटलं नाही. भाऊ मोठा होतोय तर होऊ दे म्हटलं. पण तू पाटीवर लिहिलंस 'हॉटेल हाक', आणि खाली कोंडाआईचा फोटो लावलास, परडी आणि माळेसकट. तरी मी गप्प बसले. त्याआधी उन्हाळ्यात तू ते आवाज भरून घ्यायचं यंत्र घेऊन आला होतास. 'कोंडाआई, तुझा आवाज मागं राहावा म्हणून' असं म्हणालास तेव्हा तिनं तुझ्या गालावरून हात फिरवला. तिनं देवीची गाणी म्हटली, आणि तू म्हणालास तशी हाकही म्हटली, चौकात बसून, भर दुपारी, समोर कुणी नसताना. मला तेव्हाच खटकलं होतं. हाक अशी रिकामी देत नाहीत. पण तुझं कौतुक एवढं होतं घरात की माझं ऐकणार कोण?

दसऱ्याला तू तिला घेऊन गेलास. आठ-पंधरा दिवसांसाठी म्हणालास. तिथं तू तिला लग्नांच्या पार्ट्यांत गायला बसवलंस, त्या गार हॉलमध्ये, माइकसमोर, डीजे सुरू व्हायच्या आधी. लोक जेवता जेवता फोटो काढायचे. सगळं तिनं केलं, कारण सांगणारा तू होतास. एकच गोष्ट केली नाही. दारात उभं राहून हाक दे म्हणालास, तेव्हा तिनं तुला विचारलं, 'आदी सांग, हाकंला आलेल्याला घालशील का? घालशील तर देते.' तू हसून विषय टाळलास. हे मला धनाजीनं सांगितलं, तो तेव्हा तिच्यामागं संबळ वाजवायला बसत होता. तू तिला पुन्हा विचारलंस, तिनं पुन्हा तेच विचारलं. संक्रांतीपर्यंत तिचा घसा बसला. बार्शीच्या डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आणि नंतर सांगितलं की आता आवाज येणं अवघड आहे. तू गाडीतून तिला फाटकापाशी सोडलंस, सोबत कुंथलगिरीच्या पेढ्यांचा बॉक्स दिलास आणि घाईत आहे म्हणून आत न येता गेलास. ती ओसरीवर बसून तुझ्या गाडीमागची धूळ बसेपर्यंत बघत होती. पेढे मी गुरांना घातले. हे तुला कळावं अशी माझी तेव्हापासून इच्छा होती.

आवाज गेलेली बाई आता हाकेला नाही म्हणू शकत नव्हती. त्याच आठवड्यात तुझ्या हॉटेलवर चार तोंडांचा कर्णा चढला. संध्याकाळी मी चुलीपुढं भाकरी थापत होते, ती तूर निवडत होती. आणि रानावरून तिचाच आवाज आला, भरलेला, पूर्वीसारखा, 'कुनी उपाशी हाय का?' तिच्या हातातलं सूप खाली पडलं. मला वाटलं, बरं वाटलं असेल बिचारीला. ती उठली, पदर सारखा केला आणि दारात जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला. मग पुन्हा. तू ते यंत्रावर लावून ठेवलं होतंस, हॉटेल बंद होईपर्यंत थांबणार नव्हतं. मी म्हटलं, कोंडाआई, जेवून घे. तिनं मान हलवली आणि रस्त्याकडं बोट केलं. अजून कुणी आलं नाही. मी म्हटलं, अगं ते यंत्र आहे, तू दिलेली हाक नाही ती. तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि तो हात छातीवर ठेवला. आवाज माझा आहे, तर हाक माझी आहे. आणि हाक देणाऱ्यानं शेवटी जेवायचं.

ती भोळी नाही, रणधीर. यंत्र म्हणजे काय हे तिला तुझ्याइतकंच कळतं. पण तिच्या आवाजात रोज संध्याकाळी लोकांना जेवायला बोलावलं जात होतं आणि कुणाला घास मिळत नव्हता, हे तिच्या जिवाला सोसेना. तुझा कर्णा गप्प होईपर्यंत ती दारात उभी राहायची, आणि तोवर अन्नावरची वासना मेलेली असायची. दोन घास, पाणी, झालं. सकाळी चहा. महिन्याभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. माझ्यासमोर ती वाळत चालली होती आणि तिला वाळवणारा आवाज तिचाच होता. जिच्या ताटावर मी जगले, तिला मी एक घास भरवू शकत नव्हते.

मी तुझ्याकडं आले ते आठवतं ना? तुझ्या त्या थंडगार काउंटरपाशी. भिंतीवर बैलगाडीचं चाक, खोटा कंदील, आणि काचेच्या पेटीत कोंडाआईचं तुणतुणं. मागून नेलं होतंस दुरुस्तीला म्हणून. मी म्हटलं, बाबा, तेवढी हाक बंद कर, गाणी काय लावायची ती लाव. म्हातारी जेवत नाही. तू म्हणालास, 'अक्का, लोक त्या आवाजावर थांबतात. तो आता ब्रँड आहे.' मी पुन्हा म्हटलं, ती मरेल. तू मोबाईलवर बोट फिरवत म्हणालास, 'तिला आतल्या खोलीत झोपव, कानात कापूस घाल.' माझा तुझ्यावरचा जीव त्या क्षणी गेला. मी परत रानातून चालत आले. रडले वगैरे नाही. वाटेत मी फक्त एवढाच विचार करत होते की तुझी आणि त्या हाकेची एकदा समोरासमोर गाठ घालून द्यायची.

चैत्री पुनवेच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या नव्या हॉलचं उद्घाटन होतं, यात्रेच्या गर्दीत नाव होईल म्हणून तू मुद्दाम तो दिवस धरलास. कारखान्याचे साहेब, बांधकामवाले, सासऱ्यांचे पाहुणे, सगळे येणार होते. मला आमंत्रण नव्हतं, पण पत्रिका मी पाहिली होती. मी काय केलं ते नीट वाच, कारण तू लोकांना सांगत फिरतोस की अक्कानं माणसं भडकवली. मी कुणालाही भडकवलं नाही. आपल्याकडं उतरलेल्या आराधी मेळ्यांना, मुरुमच्या महारुद्रअप्पांना, पायी आलेल्या बायकांना मी एवढंच म्हटलं, 'आज आमच्याकडची पुढची चूल पेटलेली नाही. कोंडाआईची हाक तिकडं नव्या रस्त्याला हाय. ऐकू येईलच.' यात खोटा शब्द एक नाही. आमराईतून आणि देवीसाठी चुनखडे वेचतात त्या रानातून परतणाऱ्या लोकांनी दिवेलागणीला तिचा आवाज ऐकला. आपल्या घरची रीत त्यांच्या बापजाद्यांपासून त्यांना ठाऊक. ते निघाले.

एक गोष्ट मात्र मी लपवली होती. पुढची चूल थंड होती, पण पहाटेपासून मागच्या खोलीत भाकरी चालल्या होत्या. ओल्या फडक्याखाली दुरड्या भरून ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, ठेचा, कांदे. हे फक्त मला आणि धनाजीला माहीत. कारण मला खात्री होती की तू त्यांना जेवायला घालणार नाहीस. तुझी एवढी ओळख मला होती. पण नीट ऐक, तू त्या दिवशी जिंकू शकला असतास. हॉलमध्ये पाहुण्यांसाठी कढया भरून अन्न होतं. तू फक्त 'या, बसा' म्हणाला असतास तर मी हरले असते, त्या भाकरी सगळ्या गुरांपुढं टाकल्या असत्या आणि तुझ्यापुढं हात जोडले असते. दोन शब्द होते ते, तिनं तुला लहानपणी हजारदा ऐकवलेले.

मी डोक्यावरून पदर घेऊन सर्विस रोडच्या कडेला उभी होते. तुला दिसले नाही. ते शे-दोनशे लोक तुझ्या कमानीखाली आले तेव्हा तू आत नव्हतास, दारातच होतास, हातात माइक, पाहुण्यांचं स्वागत करत. वर कर्णा म्हणाला, 'कुनी उपाशी हाय का?' आणि खालून सगळ्यांनी एकदम म्हटलं, 'हाय ओ माय, आमी हाव उपाशी.' तुझ्या पाहुण्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझे रखवालदार पुढं आले, लोकांना बाजूला व्हा म्हणाले. कर्णा पुन्हा म्हणाला, असंल त्यानं यावं. लोक पुन्हा 'हाय' म्हणाले. तू आत ओरडून सांगत होतास, बंद करा रे ते, आणि आतल्या कुणाला ते कुठून बंद होतं हेच माहीत नव्हतं. मला हसू येत होतं, रणधीर. पदर तोंडात कोंबून मी हसत होते.

मग महारुद्रअप्पा पुढं आले. पाठीत वाकलेले, पण बोलणं खणखणीत. म्हणाले, 'मालक, बोलावलं तुमी, आमी आलाव. आता वाढा, न्हाईतर न्हाई म्हना.' आणि तू, हातातला माइक चालू आहे हे विसरून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणालास, 'अहो आजोबा, ती नुसती रेकॉर्डिंग आहे. जाहिरात असते ती. जेवायचं असेल तर बाजूला कूपन घ्या.' कुणी तुला शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. मी कुणाला शिकवलं नव्हतं, पुढचं त्यांनी त्यांचं केलं. अप्पांनी परडी डोक्यावरून उतरवली आणि तुझ्या उंबऱ्यावर पालथी घातली. मग उचलली, कपाळाला लावली आणि बाजूला झाले. मागून दुसरी बाई आली. मग तिसरी. आराधी माणूस परडी पालथी घालतो ती एकाच दारात, जिथं आपण आणि आपल्या पुढच्यांनी पुन्हा कधी जोगवा मागायचा नाही तिथं. ज्यांच्याकडं परडी नव्हती त्यांनी नुसती ओंजळ पालथी केली. वर तिचा आवाज बोलावतच होता आणि खाली लोक वळून चालले होते. तुझ्या पांढऱ्या फरशीवर परड्यांतल्या हळदीची वर्तुळं राहिली. किती पुसली तरी तो पिवळेपणा जात नाही असं ऐकते.

मी रानातून धावत पुढं आले. लोक खाली मान घालून जुन्या रस्त्याला लागले तेव्हा मी ओसरीवरचे सगळे दिवे लावले, दुरड्या बाहेर काढल्या. तोवर तुझा कर्णा कुणीतरी एकदाचा तोडला होता. त्या शांततेत कोंडाआई दारात उभी होती, नेहमीसारखी, रस्त्याकडं बघत. आणि रस्त्यानं माणसं आली. इतके महिने तिच्या हाकेला कुणी आलं नव्हतं, आता सगळी एकदम आली. ती कंबर कसून वाढायला लागली. कुणाला हात लावू देईना. शेवटची पंगत उठली तेव्हा तिनं स्वतः ताट घेतलं. भाकरी कुस्करली, आमटी ओतली आणि कपाळाला घाम फुटेपर्यंत जेवली. मी समोर बसून होते. तुझं नाव जिल्ह्यात मातीला मिळालं त्याचा आनंद वेगळा, पण त्या जेवणापुढं तो काहीच नाही.

काहीच नाही असं लिहिलं, पण तसंही नाही. आनंद आहे. तुझ्याकडं आता यात्रेकरू थांबत नाहीत, ट्रकवाले थांबत नाहीत, लग्नं दुसरीकडं गेली, आचारी सोडून गेला, हे कुणी सांगितलं की मी त्याला चहा पाजते. अतिशय गोड चहा. लोक म्हणतात, सख्ख्या भावाचं असं करू नये. मी म्हणते, जिनं वाढवलं तिला उपाशी मारू नये. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन, आणि त्या वेळी धनाजीला सांगून संबळही वाजवीन.

हे सगळं असं छान चाललं होतं, तोवर परवा तुझी बायको आली, मोनिका. तिला तूच धाडलंस, तिनं सांगितलं नाही तरी मला कळलं. ओसरीवर बसून म्हणाली, 'अक्का, एकदा कोंडाआईला घेऊन या. त्या सगळ्यांसमोर आत येऊन जेवल्या की लोकांच्या मनातलं जाईल.' म्हणजे आवाज वापरून झाला, आता तोंड वापरायचं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, अगदी मजेत उघडलं, तेवढ्यात ती पोरगी रडायला लागली. म्हणाली, 'ते जेवत नाहीत ओ. म्या केलेलं पुढ्यात घेऊन बसतेत आन् तसंच उठतेत.' हे तिनं बोलायला नको होतं, कारण मागं स्वयंपाकघराच्या दारात कोंडाआई ताट घेऊन उभी होती. तिनं ते ताट झाकून ठेवलं. तेव्हापासून ती जेवलेली नाही. दारात उभी राहते, तुझ्या हॉटेलकडं बोट करते आणि मग हात खाली आणून लहान पोराची उंची दाखवते. मी तिला सगळं सांगितलं, तू काय काय केलंस ते पुन्हा पहिल्यापासून. ती ऐकून घेते आणि पुन्हा गळ्याला हात लावते. तिच्या हिशेबी त्या कर्ण्यावरची हाक तिची होती, ती ऐकणाऱ्यांत सगळ्यांत जवळ तू होतास, आणि आता तू उपाशी आहेस. तू जेवल्याशिवाय तिला जेवता येत नाही. एवढा सूड घेतला तो तिच्या पोटात अन्न जावं म्हणून, आणि तिच्या तोंडचा घास पुन्हा तुझ्याच हातात गेला. म्हणून हे पत्र. उद्या मंगळवार आहे. गाणी झाली, पंगती उठल्या की मी रस्त्यावर येऊन हाक देईन. तिचा आवाज मला नाही, पण तुझ्यापर्यंत पोचेल एवढा आहे. गाडी आणू नकोस, मागच्या दारानं येऊ नकोस आणि मोनिकाला पुढं करू नकोस. ज्या लिंबाखाली मी उभी होते तिथं चारचौघांसमोर उभा राहा आणि म्हण, मी हाय उपाशी. आवाज जाड करायची आता गरज नाही. माफी मागू नकोस, मागितलीस तरी मी देणार नाही. मी तुला बस म्हणणार नाही, पाणीही विचारणार नाही. ताट तीच वाढेल, आणि तू जेवून उठेपर्यंत समोर बसून राहील, लहानपणी बसायची तशी. जरा भराभर जेव. ती तिच्या ताटावरचं झाकण तुझ्यानंतरच काढणार आहे.

तुझीच, नाइलाजानं,
अक्का